एका व्हॅनमधले दोन डायरेक्टर: धाड, साखरखेर्डा, जळगाव जामोद

खरं तर मी लोणारला निघालो होतो. बुलडाणा जिल्ह्यात बाहेरून येणारा बहुतेक माणूस लोणारला जातो, नाहीतर शेगावला. पण बुलडाण्याच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला, मोबाइल उघडला तर रेखावहिनींचा मेसेज: "आज धाडले शूटिंग हाये. येतो का पाह्याले?" समोर धाडची एसटी लागलेली होती. माझं कॉलेज असंच सुटलं, दोन नोकऱ्या अशाच सुटल्या. समोर लागलेली गाडी मला सोडवत नाही.

ओळख सांगतो. गजूभाऊ आणि रेखावहिनी हे नवरा-बायको बुलडाण्यात राहतात आणि वऱ्हाडी गाण्यांचे व्हिडिओ करतात. हळदीची गाणी, सासू-सुनेची गाणी, जत्रेतली गाणी. दोघंही डायरेक्टर. व्हिडिओच्या शेवटी दोघांची नावं एकाच ओळीत येतात आणि कोणाचं आधी, हे दर गाण्याला बदलतं. त्यांच्या एका गाण्याखाली मी "ही टेकडी कुठली?" असं विचारलं होतं, त्यावरून नंबर दिले-घेतले आणि बुलडाण्याला येतोय हे कळवलं होतं, एवढीच आमची ओळख.

धाडला पोचायला तासभर पुरतो. बस नाही मिळाली तर जीप मिळते, पण जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि 'भरली' या शब्दाचा अर्थ तिथे आपल्यापेक्षा वेगळा आहे. आठवडी बाजार होता. बाजाराच्या कडेला मिरची भजी घ्या, सोबत मीठ लावलेली हिरवी मिरची फुकट मिळते. मार्च संपत आला होता, सकाळी दहालाच डोकं तापलं होतं.

बाजारामागच्या मोकळ्या जागेत एक जुनी व्हॅन उभी होती. तिच्या टपावर स्पीकर, आणि स्पीकरवर गाणं असं सुसाट चाललेलं की एकही शब्द कळू नये. चार पोरी तेवढ्याच वेगानं नाचत होत्या. बाजाराला आलेल्या एका बाबांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय बे, काही अंगात आलं का यांच्या?"

ही त्यांची नेहमीची पद्धत. गाणं दीडपट वेगानं वाजवायचं, नाचणाऱ्यांनी त्या वेगात नाचायचं आणि कॅमेऱ्यानं ते संथ टिपायचं. मग पडद्यावर गाणं आपल्या चालीत येतं आणि माणसं पाण्यात तरंगल्यासारखी दिसतात. असं संथ टिपताना त्यांचा कॅमेरा आवाज घेतच नाही. घ्यायची गरजही नसते, गाणं आधीच तयार असतं.

त्यांची दुसरी पद्धत मला जास्त आवडली. शॉट संपला की कॅमेऱ्यामागून गजूभाऊ विचारतात, "हाव?" म्हणजे 'हो ना?' वहिनीही "हाव" म्हणाल्या तरच पुढे जायचं. एकाचंही नाही आलं तर परत.

"हाव?"

"नाही."

"काऊन?"

"त्या कडंच्या पोरीचं सगळं ध्यान भज्याईवर हाये."

"अवं, ऊन पाह्य! माणसं मरून राह्यले!"

"मरू दे. नाही म्हंजे नाही."

परत झालं. मग अजून एकदा झालं.

दुपारी मला व्हॅनमध्ये मागे कोंबलं. बाजूला दिव्यांचे स्टँड, पायाशी पाण्याचा जार. धाडहून साखरखेर्ड्याला सरळ बस शोधू नका, चिखलीला गाडी बदलावी लागते आणि अर्धा दिवस जातो. स्वतःची गाडी असेल तर बरं. चिखलीच्या पुढे एका धाब्यावर झुणका, ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. दीडशेत तिघं जेवलो आणि ठेच्यानं माझे कान बंद झाले.

जेवताना वहिनींनी सांगितलं की सुरुवात लग्नाच्या शूटिंगपासून झाली. गजूभाऊ कॅमेरा धरायचे, त्या नवरीला "हस वं बाई थोडी" म्हणायच्या. चौदा वर्षं झाली. गाण्यांवर घर चालतं, पण आता दोघांना सिनेमा करायचाय. दोन वर्षांपासून थोडा थोडा चाललाय. गाणं झालं की उरलेल्या वेळात सिनेमा.

"मंग थकत नाही का?" मीही त्यांच्यासारखं बोलून पाहिलं.

"थकतो ना," गजूभाऊ म्हणाले. "पण घरी बसलं की ही मले नव्या सीनचं सांगते. त्याच्यापेक्षा बाहेरच बरं."

वहिनी हसल्या नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून रस्त्याकडे बघत बसल्या. दोघांच्याही डोळ्यांखाली सारखीच काळी वर्तुळं आहेत, हे मला तेव्हा दिसलं.

सिनेमाची गोष्ट छोटी आहे. बापाचं आणि लेकीचं बोलणं बंद झालंय. बाप तिच्या सासरी जायचं ठरवतो. आदल्या दिवशी आरशापुढे उभा राहून तिला काय बोलायचं ते घोकतो. दुसऱ्या दिवशी दारात पोचतो आणि त्याला काहीच बोलता येत नाही. पाणी पितो, परत येतो. संपलं. आरशापुढचा सीन साखरखेर्ड्याला, दाराचा जळगाव जामोदला. जामोदचं घर फक्त एका दिवसासाठी मिळालं होतं.

बाप झालेत रशीदचाचा. साखरखेर्ड्यात शिलाईचं दुकान आहे त्यांचं. गणपतीतल्या नाटकांत पूर्वी कामं करायचे. "सिनेमात मी रामराव, घरी रशीद. दोघाईले बायको सारखीच बोलते," अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. भाषा इथे जरा जालन्याकडे झुकते, आणि चाचांच्या बोलण्यात तर सगळंच मिसळलेलं.

सीन त्यांच्या दुकानातच होता. ऊन उतरतीला लागलं होतं आणि दारातून पिवळा उजेड सरळ आरशावर येत होता. तो उजेड जाईल म्हणून घाई झाली. चाचा आरशापुढे उभे राहिले. पहिली दोन वाक्यं लिहिलेली होती तशी बोलले. सिनेमातल्या लेकीचं नाव सुमी. तिसऱ्या वाक्याला चाचा म्हणाले, "शबाना."

शबाना ही त्यांची खरी मुलगी. जालन्याला असते. का ते मला माहीत नाही, पण बऱ्याच वर्षांपासून दोघांचं बोलणं नाही. चाचा थांबलेच नाहीत. जे बोलले ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. दुकानात आम्ही चौघंच होतो, चाचा धरून. बोलणं संपलं तेव्हा त्यांनी गळ्यातल्या मापाच्या टेपनं डोळे पुसले.

गजूभाऊंनी विचारलं, "हाव?"

"हाव," वहिनी म्हणाल्या. पहिल्याच वेळेला.

दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन आम्ही निघालो. खामगाववरून जवळ पडलं असतं, पण जास्तीच्या बॅटऱ्या बुलडाण्याला घरी चार्जिंगला होत्या, म्हणून बुलडाणा आणि मग राजूर घाट. घाट सुंदर आहे, पण उन्हाळ्यात गाडीत पाणी जास्तीचं ठेवा, आणि ते माणसांसाठी नाही, गाडीसाठी. खाली मोताळा, पुढे नांदुरा, मग जळगाव जामोद. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत राहतो. मला तिकडेच उतरून जावंसं वाटत होतं, पण ते परत कधीतरी.

जामोदला घरमालकांनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी केली होती. जेवण होईस्तोवर गजूभाऊ कालचा सीन लॅपटॉपवर घेऊन बसले. आणि बसलेच. वहिनी मागून आल्या, त्यांनीही पाहिलं.

चाचांचे ओठ हळूहळू उघडत होते. हात पाण्यातून वर यावा तसा वर येत होता. आवाज नव्हता.

धाडला गाण्यासाठी कॅमेरा संथवर लावला होता, तो कुणी बदललाच नाही. आणि कानाला काही लावून ऐकायची दोघांनाही सवय नाही. इतकी वर्षं गाण्यांचा स्पीकर टपावर असायचा, त्यात ऐकायचं काय? वहिनींनी फक्त चेहरा पाहिला, गजूभाऊंनी फक्त उजेड.

"तू पाह्यलं नाही?"

"तू कॅमेऱ्यामागं होता ना?"

"हाव तूबी म्हणाली."

"हाव, म्हणाली! मंग?"

मग दोघं घराच्या मागे गेले. भिंत पातळ होती. गजूभाऊंचं म्हणणं, त्यावर एक गाणं टाकू, बाप-लेकीचं, हळू चालीचं, आपल्याला तेच येतं. वहिनींचं म्हणणं, परत शूट करू, गाणं टाकलं तर सिनेमा कशाला केला, अजून एक व्हिडिओच केला असता. "दोन वर्ष झाले गजू. माह्यानं आता होत नाही," हे मी ऐकलं.

चाचांना वहिनींनीच सांगितलं. सीन दाखवला. चाचांनी दोनदा पाहिला.

"परत कराल का चाचा?"

"नाही बेटा."

"चुकी आमचीच हाये. पण..."

"चुकीचं नाही. रातभर नींद नाही आली मले. पोरीचं नाव घेऊन बसलो, सारी दुनिया ऐकीन म्हणून. आता दुसऱ्यांदा बोल्लो तं ते नाटक होईन. तिच्या नावानं नाटक नाही करणार मी."

दाराचा सीन मात्र झाला. चाचा दारात उभे राहिले, पाणी प्यायले, वळले. दोघांनीही "हाव" म्हटलं, एकमेकांकडे न बघता.

येताना व्हॅनमध्ये नवरा-बायको माझ्यामार्फत बोलत होते. "याले इचार बरं, पाणी प्याचं का?" "तिले सांग, नाही प्याचं." चाचा तोंडावर रुमाल टाकून पडले होते, पण रुमाल हसताना हलत होता. राजूर घाटाच्या मध्यावर गाडी तापली. उतरलो, बॉनेट उघडलं, वाट बघत बसलो. खाली दरीत ऊन निवत चाललं होतं.

"गाणं नाही टाकत," गजूभाऊ दरीकडे बघत म्हणाले. या वेळी मधे मी नव्हतो.

"मंग?"

"तसंच ठेवू. बिनआवाजाचं. मले आवाजाबिगर भेव वाटते गं, म्हणून गाणं गाणं करून राह्यलो होतो."

"लोक म्हणतील, यांचा आवाज बिघडला."

"बिघडलाच हाये ना!"

वहिनी पहिल्यांदा हसल्या, थकून, एका हातानं कपाळ धरून. गजूभाऊंनी विचारलं, "हाव?"

त्या म्हणाल्या, "गाडीत पाणी टाक आधी."

मी घरी बार्शीला परतलो. अंगातलं ऊन दोन दिवस उतरलं नाही. मित्रांनी विचारलं, बुलडाण्यात काय पाहिलंस? एक व्हॅन आणि दोन दमलेली माणसं, असं सांगितलं तर ते हसले. पण तुम्ही तिकडे जाणार असाल तर जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन दिवसांत जाऊ नका. चार दिवस ठेवा, किंवा मार्च सोडा. जोडीनं काम करायचा विचार असेल तर मला विचारू नका. एकाच माणसाशी घरीही भांडायचं आणि कामावरही, तरी पुढचा शॉट त्याला विचारूनच घ्यायचा, हे मला झेपणार नाही. त्यांना झेपतं असंही नाही, पण ते करतात.

पावसाळ्याआधी वहिनींनी सिनेमा पाठवला. आरशापुढचा सीन तसाच होता. गाणं नाही, आवाज नाही, चाचांचे ओठ हळूहळू हलणारे. पाहताना सगळे शब्द माझ्या कानात येत होते. ते मी इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. मागे मशीन चालू होतं.

"बेटा, तुह्या मोबाइलमंदी आवाज येते का त्याच्यात?"

"नाही चाचा. कुणाच्याच मोबाइलमध्ये येत नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

मशीन थांबलं.

"मंग शबानाले पाठवतो."

"चाचा, ओठांवरून तिला कळेल."

"कळू दे," चाचा म्हणाले. "तेवढं तं कळू दे."