नातीने सांगितलेलं फेझ

मोरोक्कोमधलं फेझ नावाचं जुनं शहर मी पाहिलंय म्हटलं की लोक विचारतात, कसं आहे हो? मग माझी पंचाईत होते. मी पाहिलेलं फेझ आणि तिथे असलेलं फेझ यांत थोडा फरक आहे, आणि तो मी मुद्दामच मिटवलेला नाही. आता कसा पडला हा फरक, ते सांगते.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. मुलगा आणि सून जर्मनीत, कार्ल्सरूहेला. दोघं इंजिनियर, दोघं सकाळी बाहेर पडायची. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर गेले होते. घरात नातू चार वर्षांचा आणि नात नऊची. नातवाचं काही नाही, तो मांडीवर येऊन बसला की कुठल्याही भाषेत बोलला तरी चालायचं. प्रश्न होता नातीचा. तिला मराठी सगळं कळायचं, अगदी मी मनात पुटपुटलेलंसुद्धा. पण उत्तर जर्मनमध्ये. मी विचारायचं, पोळी वाढू का गं? तिने म्हणायचं, नाइन, डांके, म्हणजे नको. संध्याकाळी सून आली की ती मधे बसून भाषांतर करायची. सून नसली की आम्ही दोघी एका टेबलाशी मुक्यासारख्या बसून संत्री सोलायचो.

लाजायची असेल, किंवा चुकेल म्हणून घाबरत असेल. शाळेत हुशार पोर, चूक सहन व्हायची नाही. माझे दोन महिने असेच गेले. मला एकच हवं होतं, तिने माझ्याशी मराठीत बोलावं. पाठ केलेलं नको, सणाच्या दिवशी फोनवर म्हणून दाखवतात तसलं नको. मला काहीतरी सांगायचंय म्हणून सांगावं. एकदा मी परत गेले की आमच्यात फक्त फोनच उरणार होता, आणि फोनवर संत्री सोलता येत नाहीत.

तशात मुलांना शरद ऋतूची सुट्टी लागली, हर्ब्स्टफेरिएन म्हणतात तिकडे. मुलाने एका जर्मन सहलीत सगळ्यांची नावं घातली. पुन्हा जर्मनीत शिरता येईल अशी माझ्या व्हिसाची सोय त्याने आधीच करून ठेवली होती. फ्रांकफुर्टहून विमान, आणि विमानात बहुतेक माझ्यासारखेच पिकल्या केसांचे लोक, फक्त ते जर्मन.

फेझला पोचलो आणि दुसऱ्याच सकाळी मुलाचं पोट बिघडलं. तो हॉटेलात पडून राहिला. आम्ही निघताना त्याने नातीला जवळ बोलावून सांगितलं, की गाइड जर्मनमध्ये बोलणार, आणि आईला धाकट्याला सांभाळावं लागणार, तेव्हा आज्जीला सगळं समजावून सांगायचं काम तुझं. पोरीने नाक मुरडलं. पण काम म्हटल्यावर ती करणार, हे मला ठाऊक होतं.

गाइड म्हणजे एक उंच, सावळा म्हातारा. पायघोळ करडा झब्बा, पायात पिवळ्या सपाता, आणि हातात मिटलेली पिवळी छत्री. ती छत्री वर धरून तो पुढे, त्यामागे जर्मन मंडळी, मग कडेवर नातू घेतलेली सून, आणि सगळ्यात शेवटी मी माझ्या गुडघ्यांसह, बरोबर नात. एका मोठ्या निळ्या कमानीतून आत शिरलो आणि ऊन एकदम मागे राहिलं. बोळ इतके अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती हाताला लागाव्यात. वर लाकडी तुळया, मधूनच आभाळाची एक चिरी. कुठून तरी भाजलेल्या पावाचा वास, कुठून ओल्या लोकरीचा, कुठून संत्र्याच्या फुलांच्या अत्तराचा. तांब्याची भांडी ठोकायचा आवाज आला तेव्हा मला क्षणभर वाटलं, आपण पुण्यात तांबट आळीत आहोत आणि आता पुढच्या वळणावर ओळखीचं कुणीतरी भेटेल. वळलो तर समोर एक गाढव, दोन्ही बाजूंना पुदिन्याचे भारे, आणि मागे कुणीच नाही. ते आमच्याकडे न बघता निघून गेलं.

पहिला थांबा एका भट्टीपाशी झाला. भिंतीत काळं तोंड, आत लाल विस्तव. बायका-मुलं फळीवर कापड झाकून पावाचे कच्चे गोळे आणून ठेवत होती, आपण गिरणीत दळणाचे डबे ठेवतो तसे. गाइड काही बोलला. जर्मन मंडळींनी माना डोलावल्या. मी नातीकडे पाहिलं. ती बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाली, "इथे पाव. सगळ्यांचा."

"पण मग कुठला कुणाचा ते कसं कळतं गं?"

ती थांबली. गाइड तोवर पुढे निघाला होता. तिने एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं, एकदा भट्टीकडे.

"पावाला कळतं," ती म्हणाली. "पावाला आपली आई माहिती आहे."

आता हे काही गाइड बोलला नसणार, एवढं मला त्याच क्षणी कळलं. पण मी गंभीर चेहरा करून म्हटलं, असं होय. ती दोन पावलं पुढे गेली आणि मग आपण होऊन म्हणाली, की दुसऱ्या आईने उचलला तर तो गरम होतो आणि चावतो.

तिथून सुरू झालं ते. तुम्हाला सांगते, तिचं मराठी म्हणजे सगळं घरातलं. जेवण, आंघोळ, झोप, देव, रागावणं, रुसणं, पुसणं. तेवढ्याच शब्दांवर तिने ते शहर उभं करायला घेतलं. गाइड दोन वाक्यं बोलायचा, ही दहा. तो हात पाठीमागे बांधून सालं-सनावळी सांगत असावा, कारण एक जर्मन आजोबा वहीत लिहून घेत होते. आणि इकडे मला कळत होतं, की वरच्या त्या लाकडी जाळीच्या खिडक्या म्हणजे घरांच्या पापण्या, आणि दुपारी घरं झोपली की गल्लीतून हळू चालायचं असतं. आम्ही दोघी हळू चाललो. माझ्या गुडघ्यांनाही ते बरंच पडलं.

मोठ्या मशिदीच्या दाराशी सगळे उभे राहिले. आत अंगण, पांढरं शुभ्र, मधे पाण्याचं कारंजं, आणि पाण्यावर आभाळ. आत जायची आम्हाला परवानगी नव्हती, बाहेरूनच बघायचं होतं. मी विचारलं, का गं? तिने कपाळाला आठ्या घातल्या. घरी मी देवाचं करत असताना ती देव्हाऱ्याला हात लावायला आली, की मी एकच विचारायची. तेच तिला आठवलं असणार.

"ज्यांची आंघोळ झालीय त्यांनीच जायचं."

"माझी झालीय की सकाळीच."

"पण आज्जी, ते हॉटेलचं पाणी होतं."

मी हात जोडले आणि बाहेरूनच नमस्कार केला. शेजारच्या जर्मन बाईंनी माझ्याकडे बघून हलकेच मान झुकवली. नात माझ्या हाताला धरून उभी होती. कधी धरला होता हात, कोण जाणे.

मग परत ते गाढव दिसलं, किंवा दुसरं असेल. तिच्या मते तेच. ते फार म्हातारं होतं, सगळ्या घरांची दारं त्याला पाठ होती, आणि ज्याच्या घरात कुणी रुसलंय त्याच्या दाराशी ते थांबून राहायचं. मी म्हटलं, मग आपल्या दाराशी थांबलं असतं का? तिने विचार केला आणि म्हणाली, आधी थांबलं असतं.

मी भिंतीवरच्या निळ्या-हिरव्या फरशांकडे बघत चालत राहिले, म्हणजे डोळे कुठेतरी गुंतलेले दिसावेत.

चामड्याच्या कारखान्याशी पोचलो तेव्हा दारात एक माणूस सगळ्यांना पुदिन्याची एकेक काडी देत होता. आता बघा, देवळासारखं दार, चपला काढायच्या आधीची ती गर्दी, आणि कुणी हिरवं पान हातावर ठेवतंय. मी उजवा हात पुढे केला, खाली डावा धरला, पान डोळ्यांना लावलं आणि खाऊन टाकलं. नातीने ते पाहिलं आणि ती अशी हसली, की पायरीवर बसलीच. "आज्जी, ते नाकाला लावायचं होतं. वर घाण वास आहे." मग स्वतःची काडी मोडून तिने अर्धी मला दिली. मी ती प्रसादासारखीच घेतली, पण खाल्ली नाही.

गच्चीवर गेलो. खाली दगडी हौदच हौद, रंगपेटीतल्या खळग्यांसारखे. पांढरे, तांबडे, तपकिरी, हळदीसारखे पिवळे. त्यांत मांड्यांपर्यंत उतरून माणसं काहीतरी तुडवत होती. वास नाकातून थेट डोक्यात जात होता. गाइड बोलू लागला आणि नातही.

ती म्हणाली, हे लोक संध्याकाळ बनवतात. इथे रंग करायचा आणि मग तो आभाळाला पुसायचा. तांबडा झालाय. पिवळा अजून झोपलाय, त्याला पायाने उठवताहेत.

सून पलीकडेच उभी होती. ती मुळात सरळ बाई, ऑफिसातून आल्यावर रात्र रात्र बसून जर्मन शिकलेली, चुकीचं काही कानावर पडलं की तिला राहवत नाही. ती म्हणाली, "अगं, काहीतरी काय सांगतेस आज्जीला? आई, अहो, तो तसं काही म्हणाला नाही. कातडी कमावतात इथे. चुना आणि कबुतरांची शीट घालून भिजवतात, असं सांगतोय तो."

पोरगी कानापर्यंत लाल झाली. तिने माझा हात सोडला आणि आईला जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, की मग तूच सांग. आणि जाऊन जर्मन आजोबांच्या पलीकडे उभी राहिली.

मी सुनेला हळू आवाजात म्हटलं, "कातडी मला दिसताहेत गं. मला हिचं ऐकायचं होतं."

मग तिला कळलं, आणि तिचा चेहरा इतका उतरला, की मलाच वाईट वाटलं. तिचं तरी काय चुकलं? तिने मला खरं तेच सांगितलं होतं.

पुढचा तासभर मी फेझ पाहिलं नाही म्हटलं तरी चालेल. रंगाऱ्यांची गल्ली झाली, दोऱ्यांवर टांगलेली लोकर टपटप गळत होती. एक शाळा झाली, लाकडावर नुसती नक्षीच नक्षी. मी नातीला विचारलं, इथे काय गं? तिने खांदे उडवले. "वाइस इश निश्त." मला माहीत नाही. परत ते टेबल, परत ती संत्री. सून दोनदा जवळ येऊन समजावून सांगू लागली, सगळं बरोबर, आणि मी हं हं म्हणत होते.

शेवटी एका अंगणात चहासाठी बसवलं. चारी बाजूंनी उंच भिंती, मधे लिंबाचं झाड, एक मांजर. ऊन वरच्या सज्ज्यापर्यंत चढून गेलं होतं आणि खाली सगळं पाण्याच्या तळासारखं निळसर झालं होतं. गाइडने छत्री भिंतीला टेकवली आणि विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? एवढं जर्मन मला कळलं. मी हात वर केला.

सगळे जर्मन माझ्याकडे वळले. सून घाईने पुढे सरकली. मी तिला हातानेच थांबवलं आणि नातीला हाक मारली.

"तूच विचार त्यांना. म्हणावं, ते म्हातारं गाढव कधी वाट चुकतं का?"

ती उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी थट्टा करतेय की काय, तिला पकडतेय की काय, हे ती माझ्या तोंडावर शोधत होती. विचारलं तर सगळ्यांसमोर उघडं पडणार, आणि नाही विचारलं तर मला काय सांगणार? खरंच मला ते गाढवाचं कळून घ्यायचं होतं.

मग ती उठली. गाइडसमोर जाऊन उभी राहिली आणि जर्मनमध्ये बराच वेळ बोलली, एका प्रश्नाला लागावा त्याहून खूप जास्त वेळ. म्हातारा कमरेत वाकून ऐकत होता. मधेच त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला मात्र नाही. मग छातीवर हात ठेवून त्याने तिला काहीतरी सांगितलं, सावकाश, मोठ्या माणसाला सांगावं तसं. वहीवाल्या आजोबांनी वही मिटली. सुनेला सगळं ऐकू येत होतं. तिने चहाचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही, पण तिचे डोळे भरले होते.

नंतर, कार्ल्सरूहेला परतल्यावर, ती मला म्हणाली होती, आई, तिने काय विचारलं आणि तो काय म्हणाला ते सांगू का? मी नको म्हटलं.

नात परत येऊन माझ्या शेजारी बसली, अगदी खेटून. "तो म्हणाला, चुकतं," ती म्हणाली. "एकदाच चुकलं होतं. लहान असताना. मग त्याच्या आज्जीने त्याला शोधलं."

"कसं शोधलं?"

"थांब ना, सांगते."

आणि ती सांगायला लागली. चहा निवून गेला. जर्मन मंडळी उठून उभी राहिली, गाइडने छत्री उचलली, तरी तिचं चालूच. शब्द अडला की ती माझ्याकडे बघायची, आणि मी ती विचारेपर्यंत थांबायची, आपण होऊन एकही शब्द पुढे केला नाही. त्या अंधाऱ्या बोळांमधून परत निघालो तेव्हा गाढवाची आज्जी त्याला घेऊन घरी पोचली होती, त्याने पाव खाल्ला होता, आणि ते झोपलं होतं.

"आज्जी, झोपल्यावर दिसतं त्याला काय म्हणतात? डोळे बंद असतात तरी दिसतं ते?"

"स्वप्न."

"हां. त्याला स्वप्न पडलं," ती म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.