माल हलताना बोलणारा एकच

इंग्रजीत माणूस नुसता जात नाही. तो कसा गेला ते आधी सांगायचं: पळाला, रांगला, घसरला, लंगडला. मग आत, बाहेर, वर, पलीकडे यांतला एक चिमुकला शब्द मागे जोडायचा. 'रॅन अक्रॉस द रोड.' आपण मराठीत आधी रस्ता ओलांडतो, आणि पळत ओलांडला की रमतगमत, ते वाटलं तर सांगतो. खोपोलीच्या कॉलेजात हे माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं गेली. शिरलं ते मात्र कायमचं. पुढे कितीतरी दिवस दारातून आत घुसणाऱ्या कोंबडीचंसुद्धा मी मनात इंग्रजी करत असे.

माझे बाबा अवजड मशीनं हलवणाऱ्या टोळीचे मुकादम. घरची भातशेती आहे, पण भात कापून झाला की त्यांचा मुक्काम साजगावच्या कारखान्यांत. क्रेन जिथे शिरत नाही तिथे बाबांची सात माणसं शिरतात. मशीनखाली लोखंडी पाईप सारायचे, पहारींनी रेटायचं, मागून मोकळा झालेला पाईप उचलून पुढे घालायचा. या कामाला कायदा एकच: माल हलताना बोलणारा एकच. मालक असो की साहेब, ठसका लागला तरी त्यानं बाहेर जाऊन खोकावं. आणि बाबा तरी बोलतात किती? 'आत.' 'वर.' 'बस.'

मी ज्या कारखान्यात स्टोअरला कामाला आहे, तिथे गेल्या वर्षी परदेशातून एक मोठं मशीन आलं. बरोबर तिकडचा इंजिनियर. आमच्या मॅनेजरच्या मनात पुण्याची एक एजन्सी घोळत होती, तिच्याकडे म्हणे यासाठी चाकांच्या खास गाड्या होत्या. त्यांनी बाबांना तोंडावर सांगितलं, "मशीनला ओरखडा जरी आला, तर तुमच्या टोळीचं इथलं हे शेवटचं काम." टोळीची निम्मी कामं आमच्याच कारखान्यातली. सात घरांचा प्रश्न होता. दुभाषी म्हणून मला उभं केलं, कारण साहेबांना इंग्रजी येत होतं, पण टोळीची भाषा येत नव्हती.

इंजिनियरनं आदल्या दिवशी दोन पानं भरून सूचना दिल्या. वाचताना मी हरखून गेले. प्रत्येक ओळीत मशीन काहीतरी निराळं करत होतं. दारातून सरकत आत, खांबाच्या अंगावरून हळूच पुढे, चढावरून रेटत, ते बसवायच्या ओट्यावर. संध्याकाळी अंगणात बसून मी ती पानं बाबांना मराठीत वाचून दाखवली. एकही 'सरकत' गाळला नाही.

बाबांनी शांतपणे चहा संपवला. "कसं न्यायचं ते नको सांगू गं. कुठं न्यायचंय तेवढं सांग. कसं, ते आमच्या हातांना ठाव हाय."

मला राग आला. दोन वर्षांची माझी विद्या त्यांनी चहाच्या चोथ्याबरोबर परसात फेकली होती. तरी त्यांनी 'कुठं' तेवढं चार वेळा विचारून घेतलं, खांब धरून, ओटा धरून.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर शिळफाट्याच्या गर्दीत तासभर अडकून एकदाचा आला. क्रेननं मशीन दारात उतरवलं आणि ती बाहेरच थांबली. बाबा म्हणाले, "आत." सात पहारी एकदम वाकल्या आणि तेवढं थोरलं धूड पाईपांवरून चालू लागलं. मी लहानपणापासून हे बघत आलेय, तरी दर वेळी माझी छाती फुगते.

अर्धं मशीन आत गेलं असेल, तोच इंजिनियर माझ्या कानाशी ओरडला. मागची बाजू घसरतेय असं त्याला वाटलं. आणि मी, इमानदार दुभाषी, त्याच्या दुप्पट आवाजात ओरडले, "हळू! घसरतंय, मागं घसरतंय!"

एकानं माझं ऐकून पहार सैल सोडली. बाकीच्यांनी बाबांचं ऐकून रेटलं. पाईप तिरका झाला, मशीन वाकडं वळलं.

"बस!" बाबा गरजले. मशीनचा कोपरा भिंतीपासून दोन बोटांवर थांबला होता. सैल सुटलेल्या पहारीनं टोळीतल्या एका काकांचं मनगट मुरगळलं होतं.

घरात कधी आवाज न चढवणारे बाबा सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बोलणारा एकच. तुला ठाव नाय?"

मला ठाव होतं. 'अ आ इ ई'च्या आधीपासून ठाव होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं मात्र केलं, की इंजिनियरकडे वळून तो कायदा त्याला चोख इंग्रजीत ऐकवला. मॅनेजरचं तोंड वाकडं झालं. इंजिनियरनं मान डोलावली आणि तो गप्प उभा राहिला.

टोळीनं मशीन पुन्हा सरळ केलं. पुढे खांब होता. त्या बाजूला मशीनच्या अंगावर काचेचं पॅनेल, आणि खांब नि काच यांच्यात जेमतेम चार बोटं जागा राहणार होती. काकांची पहार आता बाबांनाच धरावी लागणार होती, आणि तिथून त्यांना खांब दिसत नव्हता. त्यांनी पहार उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"खांबाच्या पल्याड उभी रहा. आता तू बोल. आमी कोण बोलणार नाय."

"मी? बाबा, आत्ताच तर मी..."

"ती दोन पानं तू वाचलीस ना? मशीन कुठनं कसं जाणार, ते तुज्याएवढं इथं कुणाला ठाव नाय."

मी खांबापलीकडे जाऊन उभी राहिले. मग म्हणाले, "आत." सात पहारी वाकल्या, त्यांतली एक माझ्या बापाची. मशीन हललं. ते कसं सरकतंय, कुठे कलतंय, कुठल्या पाईपवर अडतंय, ते सगळं मला दिसत होतं. इंग्रजीनं मला तेच तर बघायला शिकवलं होतं. पण तोंडातून मी फक्त 'कुठं' काढलं. "बस. डावीकडं. आत. बस. आत." काच खांबाजवळून चार बोटांवर गेली, मग तीन, आणि पार झाली. "वर," मी म्हणाले, आणि मशीन ओट्यावर चढलं. शेवटचं "बस" म्हणताना माझे डोळे भरून आले होते, ते भरू दिले. मला बाबांचा अभिमान वाटत होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

इंजिनियरनं सगळीकडून हात फिरवून बघितलं. ओरखडा नव्हता. पुण्याच्या एजन्सीचं नाव मॅनेजरनं पुन्हा काढलं नाही.

चार महिन्यांनी दुसरं मशीन यायचं ठरलं, तेव्हा मॅनेजरनं बाबांना घरी फोन केला. मी शेजारी भाजी निवडत होते. बाबांनी तारीख ऐकून घेतली, माणसं किती लागतील ते सांगितलं.

"येतो की, सायेब," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तुमच्या स्टोअरमधल्या पोरीला मोकळी ठेवा. आमच्यात बोलणारी तीच हाय."