पोपटकाकांनी बदललेला शेवट

बुटांच्या त्या कारखान्यात हातशिलाईच्या खोलीत यंत्रांचा खडखडाट नव्हता, म्हणून तिथे वाचन चालायचं. एकाने वाचायचं आणि त्याच्या वाट्याचे जोड खोलीतल्या बायकांनी शिवून द्यायचे, असा रिवाजच पडला होता. वाचायचे पोपटकाका. शिलाईत त्यांचा हात यथातथाच, त्यामुळे ते वाचत बसले हे बुटांचंही भाग्य.

त्या खोलीच्या खिडक्या मालकाने खिळे ठोकून बंद केल्या होत्या. चामडं चोरीला जाईल म्हणे. बुटांचे तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा उग्र वास कोंडून राहायचा आणि सगळ्यांत जास्त खोकायची ती काकांची वहिनी. भाऊ गेल्यावर तिनेच काकांना सांभाळलं होतं. तिला उबळ आली की काकांचं वाक्य अर्ध्यावर अडायचं. खिडक्यांसाठी सोमवारी काम बंद ठेवायचं, असं बायका कुजबुजत होत्या, पण पुढे व्हायला कुणी धजत नव्हतं.

रविवारी युनियनच्या खोलीत एक मास्तर मार्क्सवादाचा वर्ग घेत. "लेखकाने नुसता फोटो काढायचा नसतो. जग कुठल्या दिशेने चाललंय ते दाखवायचं. साहित्य त्यासाठीच," असं ते म्हणाले आणि काकांच्या डोक्यात भुंगा शिरला. कारण सध्या वाचत असलेल्या कादंबरीत गिरणीतल्या बायका संप करतात आणि हरतात. ते ऐकून आपल्या बायकांनी कच खाल्ली तर? शुक्रवारी शेवट आला तेव्हा काकांनी सरळ मनाचंच वाचलं: मालक हात जोडतो, बायका जिंकतात.

खोलीत कुणाला आनंद झालेला दिसला नाही.

"असं कुठे असतं का?" एकजण दोरा तोडत म्हणाली. "आपला मालक काही हात जोडणाऱ्यातला नाही बाई."

सोमवारचं कुणी बोलेना. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं वाटून काका ओशाळले. वहिनी त्यांच्याकडेच बघत होती.

"भावजी, इतका वेळ वाचलंत, पण पान काही उलटलं नाहीत. खरं काय लिहिलंय?"

काकांनी खालमानेने खरा शेवट वाचला. विणकामातल्या बायका एकट्याच बाहेर पडतात. कापडाच्या गासड्या बांधणारे काम करत राहतात, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. साठलेला माल विकून मालक निवांत राहतो आणि बायका मुकाट्याने परततात.

सुया थांबल्या होत्या. "चुकलं कुठे ते कळलं," वहिनी म्हणाली. "आपण तरी पॅकिंगवाल्यांना कुठे विचारलंय?"

"त्यांच्याकडे तर खिडकीच नाही," एकजण म्हणाली.

"मग त्यांना आपल्यापेक्षा जास्त हवी असेल."

जेवणाच्या सुट्टीत वहिनी दोघींना घेऊन पॅकिंगच्या खोलीत गेलीसुद्धा. मास्तरांचं दिशेचं बोलणं काकांना तेव्हा उमगलं. हार का झाली हे खरं सांगितलं, की पुढचा रस्ता ऐकणाऱ्यांनाच दिसतो. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि वहिनीचा अभिमानही.

सोमवारी बायका अंगणात बसल्या. थोड्या वेळाने पॅकिंगचा मुकादम आपली सगळी माणसं घेऊन आला आणि काकांसमोर मांडी घालून बसला.

"वेळ जायला हवा. ते पुस्तक वाचा, पहिल्यापासून. आणि शेवट आहे तोच वाचायचा. तुम्हाला खोड आहे म्हणे."

बायका खळखळून हसल्या, काकाही हसले. चष्मा पुसून ते मोठ्याने वाचायला लागले. मागे मालकाच्या केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला. या वेळी काकांचं वाक्य अडलं नाही.