न थिजलेले भोवरे

डिंगोरे गावची साक्षी पुण्याच्या प्रयोगशाळेत विजेला अजिबात न अडवणाऱ्या अतिवाहक धातूच्या पातळ थरात उठणाऱ्या विजेच्या भोवऱ्यांवर संशोधन करायची. सुट्टीत घरी कांदे निवडत असताना प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने तिला मोबाईलवर नवा आलेख पाठवला. प्रयोगातल्या एवढ्या भयंकर थंडीत भोवरे अडथळ्यांपाशी जागीच थिजायला हवे होते, पण ते चक्क सरकत होते!

साक्षी कांद्यांच्या ढिगाभोवती नाचायलाच लागली.

"पोरी, काय चावलं का?" तिचे वडील जयवंतआप्पा धावत आले.

"आप्पा, भोवरे अडथळ्याच्या आरपार गेले!"

"भित न फोडता? असं कुटं असतं व्हय?"

"क्वांटममध्ये, अतिसूक्ष्म कणांच्या दुनियेत, असतं!"

"मग लई भारी!" म्हणत आप्पाही नाचू लागले. आई फुलाबाईंनी हसत हसत दोघांवर ओंजळभर कांद्याची टरफलं उधळली.