नाव घेईपर्यंत घंटी

आमच्या काकूला आरतीत एकाच शब्दाला खोकला यायचा. औंढ्याच्या नागनाथाची आमच्या भागावर एवढी कृपा, की दर तिसऱ्या घरात एक माणूस त्याच्या नावाचा. आमचा काकाही त्याच नावाचा. आता नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? म्हणून आरतीत ते आलं की काकू खोकायची आणि पुढच्या शब्दाला पुन्हा सूर धरायची. देवालाही ती ‘औंढ्याचा देव’ एवढंच म्हणायची. या खोकल्यानं पुढं आमचा घात केला.

घरात रेडिओ एकच, आणि तो काकाचा. सकाळी गळ्यात अडकवून तो शेतात न्यायचा, दुपारी हळदीचा बाजारभाव ऐकायचा आणि संध्याकाळी सेल उतरतील म्हणून बंद करून उशाशी ठेवायचा. काकूला भाकरी थापताना गाणी ऐकायची होती, बाकी काही नको होतं. तिनं मागितला की काका म्हणायचा, "चुलीला काहून रेडिओ लागतो?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. रेडिओ केंद्रानं गावोगावच्या संघांची एक स्पर्धा काढली. तिघांचा संघ, सामान्यज्ञानाचे प्रश्न पण सगळे कोड्यात घालून विचारलेले, आणि पहिलं बक्षीस नवाकोरा रेडिओ. मी कॉलेजातून ही बातमी आणली तशी काकू हातातलं पीठ झटकत उठली. "पोरी, माझं नाव टाक. आन् संघाची मोठी मीच. घरात न्हाई तं न्हाई, रेडिओवर तरी!"

तिसऱ्या आमच्या शेजारच्या भाभी, शिवणकाम करणाऱ्या. मी तेव्हा जगातल्या सगळ्या राजधान्या पाठ केल्या होत्या आणि त्यामुळे घरात सगळ्यांना नकोशी झाले होते. मला वाटायचं, संघ म्हणजे मीच.

केंद्रात प्रश्न विचारणारे साहेब इस्त्री केल्यासारखं बोलायचे. पहिलाच प्रश्न आला, "पाहुण्याला विडा आणायला हाकलणारा देश कोणता?" मी मनातल्या मनात सगळ्या राजधान्या फिरून आले. भाभी पुटपुटल्या, "जा... पान?" काकू एवढ्या जोरात "जपान!" म्हणून ओरडली, की काचेपलीकडच्या माणसानं कानावरचं यंत्र ओढून काढलं. मग आलं, घोडा आहे, उंट आहे, हत्ती आहे, पण चारा लागत नाही. "शतरंज," भाभी म्हणाल्या. असं करत आम्ही अंतिम फेरीत पोचलो आणि हिंगोलीच्या मास्तर लोकांच्या संघाशी बरोबरीत आलो. माझी मंगोलियाची राजधानी आजपर्यंत कुणी विचारलेली नाही.

शेवटचा प्रश्न आमच्या वाट्याचा होता. तो सुटला की रेडिओ आमचा, चुकला की मास्तरांचा. साहेबांनी वाचलं, "मला चाकं नाहीत, तरी मी फिरलो. मागे हाकललेल्या भक्ताचं कीर्तन ऐकायला मी तोंड वळवलं. मी ज्याचं घर, त्या देवाचं नाव सांगा."

आमचंच देऊळ! मास्तरांनी माना टाकल्या. मी आनंदानं काकूकडं पाहिलं आणि काकू खोकली.

"बोला, संघप्रमुख," साहेब म्हणाले.

"औंढ्याचा देव."

"त्याचं नाव?"

"आमच्या ह्यांचंच नाव हाय ते."

"बरं. मग ह्यांचं नाव काय?"

"ते कसं घेऊ, साहेब? तुमच्या बायकोनं घेतलं का कधी तुमचं?"

"मैं बोलू क्या?" भाभींनी विचारलं. साहेब म्हणाले, शेवटच्या प्रश्नाला उत्तर संघप्रमुखांचंच धरलं जाईल, तेही घंटी वाजायच्या आत. माझं डोकं फिरलं. असला कसला नियम! "काकू, घे नं! रेडिओ चालला!"

"घेते, पन रीतीनं घेते," काकू म्हणाली आणि तिनं डोक्यावर पदर ओढला. दोन ओळींचा उखाणा पुरला असता. पण सगळा जिल्हा ऐकणार म्हणून तिनं लग्नातला लांब उखाणा काढला.

"औंढ्याच्या बाजारात घेतली हिरवी चोळी, पहिल्या सणाला केली पुरणाची पोळी, पाटाभोवती रांगोळी, समईत लावली वात..."

टण्ण!

"...नागनाथरावांना वाढते दूधभात." सुरू केलेला उखाणा काकूनं पुरा केला. साहेब म्हणाले, वेळ संपली. रेडिओ मास्तरांनी नेला. बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत होती आणि मला रडू येत होतं.

पुढच्या रविवारी कार्यक्रम लागला. आम्ही हरलो एवढंच काकाला माहीत होतं. त्यानं अंगणात रेडिओ ठेवला, गल्ली जमली. घंटी वाजली आणि तिच्यामागून काकाचं नाव साऱ्या जिल्ह्यात गेलं. गल्ली हसून लोळली. काकानं रेडिओ बंद केला आणि उपरण्यानं त्याची धूळ पुसली.

"माझ्या मायनं दोन अक्षरांचं नाव ठेवलं असतं," तो म्हणाला, "तं तुहा रेडिओ आला असता."

दुसऱ्या दिवशी काका रिकाम्या गळ्यानं शेतात गेला. रेडिओ चुलीजवळच्या खुंटीला टांगलेला होता, नवे सेल घालून. त्या दिवशी मला काका फार आवडला.

दुपारी मात्र तो घामाघूम होऊन स्वयंपाकघराच्या दारात हजर. बाजारभावाची वेळ झाली होती. काकूनं आवाजाचं बटण पार खाली फिरवलं.

"आदी माझं नाव घ्या."

लग्न झाल्यापासून काकानं तिला ‘अगं’शिवाय हाक मारली नव्हती. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "हळद लावली वाफ्यात," तो म्हणाला आणि अडला. "पाणी सोडलं पाटानं," आणि पुन्हा अडला. मी हसू दाबत भिंतीला टेकले. शेवटी कानापर्यंत लाल होऊन त्यानं कसंबसं काकूचं नाव घेतलं. आम्ही ते त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

काकूनं बटण फिरवलं. भाव सांगून झाले होते, हवामान चाललं होतं.

"वेळ संपली," काकू म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.