मासोळीबिगरचं फ्रेंच सॅलड

माय, आरमोरीच्या स्टँडवर तू मले यष्टीत चढवून देलं तवा पोरगी माया कडेवर रडून राह्यली होती. तुनं खिडकीतून जवसाच्या चटनीचा डबा आत ढकलला. "तोंडाले चव राहीन," म्हनली. नवरा तेलंगणात मिरची तोडाले गेला थो फोनच उचलेना, आन मी चंद्रपूरकडच्या जंगलातल्या रिसॉर्टात भांडे घासाले निघाली.

मॅनेजरनं खोली देली, लेकरू ठेवू देलं. पन म्हने, एक कम्प्लेंट आली का खोली खाली. तवापासून मी चमचा बी वाजू देत नाई. हळूहळू वरोऱ्याच्या भाऊनं, म्हनजे आमच्या शेफनं, मले किचनात घेतलं.

मंग थे फ्रान्सची बाई आली. तिले तिच्याच देशाचं सॅलड पायजे. त्यात मासोळी आन अंडं असते, पन हिले जनावराचं काईच चालत नाई.

मी म्हनलं, "भाऊ, पनीर टाका."

"दूध बी नाई चालत."

"मध?"

"मध बी नाई."

"मंग जगते कशी थे?"

"तुयापेक्षा जाडी हाय. तू चने उकड."

बटाटे, फरसबीच्या शेंगा, टमाटर, ऑलिव्ह झाले. अंड्याच्या वासासाठी काळं मीठ, मासोळीच्या जागी ठेचलेले चने. पन चव फिक्कीच. मी पळतच खोलीत गेली, तुयी चटनी आनली, चमचाभर टाकली. भाऊनं चाखलं. "वा! हा मासोळीचा वास कुठून आनला वं?"

प्लेट गेली आन मले आठवलं. तू चटनीत सुकले झिंगे कुटते ना माय! आपल्या घरी झिंगे म्हनजे मसालाच, कोन त्याले मासोळी म्हनते? मी तशीच अनवानी हॉलात धावली आन बाईनं काटा उचलला तवाच तिच्या समोरून प्लेट ओढली. सारे पाहूनच राह्यले.

भाऊनं मले आत नेलं. "येडी झाली का?"

"त्यात झिंगे हाय भाऊ. आता मायी खोली जाते. पोरीले घेऊन कुठी जाऊ?"

"पहिले हात धू. भांडं बदल. मंग रड."

मंग चटनीबिगर नव्यानं बनवलं, निंबू जास्त पिळून. बाईनं सारं खाल्लं. मॅनेजर आला तं भाऊ म्हने, मीठ जास्त झालं होतं म्हनून प्लेट वापस आनली. खोली राह्यली. आता थे सॅलड मीच बनवतो.

पन जीव काई ठिकानावर नाई. इथी असली का तुयी चूल दिसते. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले तुयाकडं आली तं तिथी बी ऑलिव्हच्या बरनीचं झाकन कोनी लावलं का, हाच घोर. ज्या पोरी माया वानी घर सोडून निघाल्या त्यायले समजन.

मंडईच्या त्या संध्याकाळी पोरीनं उलट्या चपला घातल्या, तुया दारात जाऊन बसली. "घरी चाल," म्हने.

तू म्हनली, "हेच तं घर हाय बाई."

थे मान हालवून रडाले लागली. तू मायाकडं पाह्यलं. राग नको मानू माय. मी बी तिच्या बाजूले जाऊन बसली.