तोफ सोडायची न्हाई

हट्टा गावच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा तोफखान्यातून निवृत्त झालेले किसनराव हवालदार रोज मधल्या सुट्टीत पेपर बघायला यायचे. बघायला म्हणतो, कारण बातम्या ते वाचतच नसत. आखाती युद्धाचे फोटो आले की तोफांमधलं अंतर अंगठ्यानं मोजत आणि शाळेच्या व्हरांड्यातून जगभरच्या सेनापतींना झापत. "इतक्या चिकटून उभ्या केल्या? एक गोळा पडला की समद्या गेल्या."

एकाहत्तरच्या लढाईत त्यांचे कान गेले होते. समोरून मारा चालू असताना त्यांच्या तुकडीतला एकही गडी तोफेपासून हलला नव्हता. ही हकिगत आम्हाला पाठ झाली होती. ते सुरू झाले की मी चोरून घड्याळ बघायचो, त्याची आता लाज वाटते. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "तोफ म्हंजी आपलं लेकरू. तिला टाकून पळायचं न्हाई." मुलगा मिलिंदही तोफखान्यातच लागला. रजा संपवून तो निघाला की एसटीच्या खिडकीशी उभं राहून हेच बजावायचे, अख्ख्या स्टँडाला ऐकू जाईल अशा आवाजात.

कारगिलच्या उन्हाळ्यात मिलिंद तिकडेच होता. पलीकडच्यांकडे रडार होतं. आपला गोळा हवेत असतानाच तो कुठून सुटला हे त्यांना कळे, आणि थोड्याच वेळात त्यांचा गोळा नेमका तिथे येऊन पडे. म्हणून काही गोळे टाकले की बंकरमध्ये शिरायचा हुकूम होता. सगळे शिरले. मिलिंद तोफेपाशी थांबला. डावा पाय गुडघ्याखालून गेला.

तो घरी आला तेव्हा गावानं हार घातले, भाषणं केली. माणसं पांगल्यावर हवालदारांनी एवढंच विचारलं, "हुकूम असून काहून थांबलास?"

मिलिंद खाली बघत पुटपुटला, "तुमीच सांगितलं व्हतं, बाबा."

हवालदारांना ऐकू गेलं नाही. मग त्याला तेच मोठ्यानं सांगावं लागलं.

त्यानंतर ते शाळेत येईनात. इराकची लढाई सुरू झाली तेव्हा मीच पेपर घेऊन त्यांच्या घरी गेलो. फार थकले होते. पेपर न उघडताच बाजूला सारून मिलिंदला म्हणाले, "ते रडार काय करतं, एकदा नीट समजून सांग." मिलिंदनं खडूनं फरशीवर गोळ्याची वाट काढली, रडार काढलं, ओरडून ओरडून सगळं सांगितलं. म्हातारा ओणवा होऊन बघत राहिला.

"म्हंजी गोळा सुटला की आपली जागा त्याला दिसली?"

"व्हय."

"मंग तिथं थांबणं म्हंजी मरणंच की."

"तुमच्या वक्ताला हे न्हवतं, बाबा. तुमाला कसं ठाऊक असंल?"

"ठाऊक न्हवतं तर गप बसायचं व्हतं मी."

त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले. मी पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिलो, पण मुलांना काही छातीठोकपणे सांगायची वेळ आली की माझी जीभ जड व्हायची.